तोतरेपणा, जेम्स अर्ल जोन्स आणि तीन वाक्यांची भूमिका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर इथेच कळेल. तुमचं वय 22. लहानपणापासून बोलताना अडता, 'प' आणि 'म' वर जास्त. आवाज मात्र भारदस्त आहे, सगळे तसं सांगतात. एकांकिकेत दिग्दर्शकाने 'उगाच ताण नको' म्हणून तुम्हाला हवालदाराची तीन वाक्यांची भूमिका दिली आणि पहिल्याच तालमीत 'साहेब, पाहुणे आलेत' यातल्या 'पा'वर गाडी अडली. मित्राने जेम्स अर्ल जोन्स या भारदस्त आवाजाच्या अमेरिकन नटाची एक क्लिप पाठवली, त्यात म्हटलंय की कविता मोठ्याने म्हणून त्याचा तोतरेपणा गेला. म्हणून तुम्हीही कविता म्हणायला लागलात. कवितेत अडत नाही, पण टपरीवर चहा मागताना अडताच. आता तुम्ही विचारताय: कविता चालू ठेवू का, भूमिका सोडू का, की नाटकाचा नाद सोडून थेट डबिंगकडे वळू?

मी नटांच्या आवाजावर आणि उच्चारांवर काम करते. मी स्पीच थेरपिस्ट नाही, हे आधीच सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचा एक भाग त्यांच्या अखत्यारीतला आहे. अडखळणं किती तीव्र आहे, अडताना मान किंवा जबडा ओढला जातो का, तुम्ही शब्द टाळता का, घरात कसं बोलता, यावर बरंच अवलंबून असतं आणि ते तुमच्या पत्रातून मला कळत नाही. मुंबईत असाल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण हेच तिचं काम. तिथे किंवा जवळच्या चांगल्या थेरपिस्टकडे एकदा तपासून घ्या. पुढचं सगळं त्याच्या जोडीने करायचं आहे, त्याऐवजी नाही.

आता जोन्स. क्लिपमध्ये जे सांगितलंय ते खोटं नाही, पण शेवट चुकवलाय. तोतरेपणा 'गेला' असं तो स्वतः म्हणत नसे. तो म्हणायचा की मी बरा झालेलो नाही, मी त्याच्यासह काम करतो. तुमचं सगळं कोडं याच फरकात अडकलंय, म्हणून गोष्ट नीट सांगते.

जन्म 1931, मिसिसिपी राज्यातलं आर्काबुटला. वडील रॉबर्ट अर्ल जोन्स मुलगा जन्मायच्या सुमारासच घर सोडून गेले होते (पुढे तेही नट झाले). मुलाला आजी-आजोबांनी वाढवलं. तो साधारण पाच वर्षांचा असताना कुटुंब दक्षिणेतून उठून मिशिगनमध्ये डब्लिन गावाजवळच्या शेतावर गेलं. या स्थलांतराचा त्याने धसका घेतला, अडखळणं सुरू झालं आणि मग त्याने बोलणंच टाकलं. शाळेत जवळपास आठ वर्षं तो मुका म्हणावा असा होता. घरच्यांशी जेवढ्यास तेवढं, आणि गोठ्यातल्या जनावरांशी मात्र बोलायचा. जनावरं थांबून ऐकतात, वाक्य पूर्ण करून देत नाहीत. तोतरं बोलणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य पूर्ण करून देणारे लोक किती छळतात.

हायस्कुलात त्याला डॉनल्ड क्राउच नावाचे शिक्षक भेटले. मुलगा बोलत नाही पण कविता लिहितो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. महायुद्धाचे दिवस, मिशिगनचा हिवाळा, आणि सरकारी मदतीतून ग्रेपफ्रूट आली. त्या भागात हिवाळ्यात असलं फळ म्हणजे अप्रूपच. जोन्सने त्यावर कविता लिहिली, लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या 'हायावाथा' या दीर्घकाव्याच्या चालीवर. क्राउच म्हणाले, ही इतकी चांगली आहे की तू लिहिलीस यावर विश्वास बसत नाही. तुझीच असेल तर वर्गासमोर तोंडपाठ म्हणून दाखव. त्याने म्हणून दाखवली आणि एकदाही अडला नाही.

क्लिपा इथे थांबतात. आवाजाचं काम करणाऱ्या माणसाला मात्र इथूनच पुढे रस वाटायला लागतो. कविता तोंडपाठ होती, म्हणजे पुढचा शब्द शोधायचा नव्हता. ती 'हायावाथा'च्या छंदात होती. त्या छंदात प्रत्येक ओळीत चार ठोके, ढोलावर पडावेत तसे, आणि कुठली ओळ जरा सैल, कुठली जरा लांब असं काही नाही. तिसरं म्हणजे शब्द त्याचेच होते, दुसऱ्याचे तोंडात कोंबलेले नव्हते. तोंडपाठ मजकूर, पक्का ताल आणि मालकी या तिन्ही गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या. क्राउचना हे ठाऊक होतं की त्यांनी सहज डिवचलं आणि जमून गेलं, ते सांगता येत नाही, पण त्यांनी पुढे जे केलं ते जास्त महत्त्वाचं: एका दिवसावर न थांबता त्याला नेमाने मोठ्याने वाचायला लावलं, वादविवादात आणि वक्तृत्वात उतरवलं.

ताल असला की अडखळणं कमी होतं, हे थेरपीच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून माहीत आहे. गाताना, समूहात एका सुरात बोलताना, मेट्रोनोम म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर बोलताना बहुतेक तोतऱ्या माणसांची वाणी मोकळी होते. गणपतीत पन्नास जणांत उभं राहून आरती म्हणताना तुम्ही अडता का, आठवून बघा. नसणार. चहा मागताना मात्र शब्द निवडायचा, वाक्य जुळवायचं, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि मागे रांग असते, हे सगळं एका क्षणात. तेव्हा कविता जमते आणि चहा जमत नाही यात तुमचं काहीच चुकत नाहीये. दोन्ही वेगळी कामं आहेत आणि एकातून दुसऱ्यात आपोआप जाता येत नाही. मधे पायऱ्या बांधाव्या लागतात.

आता तुमच्या हवालदाराकडे येते, कारण तिथे मला सर्वांत जास्त बोलायचंय.

जोन्स मिशिगन विद्यापीठात आधी डॉक्टरकीच्या दिशेने शिकत होता, मग नाटकाकडे वळला. मॅनिस्टी गावच्या रॅम्सडेल थिएटरमध्ये सुतारकाम, रंगमंच व्यवस्था आणि अभिनय असं सगळं केलं, सैन्यात लेफ्टनंट म्हणून काम करून आला, आणि न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन थिएटर विंगमध्ये शिकला. पोटासाठी वडिलांबरोबर फरशा पुसल्या. 1958 मध्ये त्याला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, कॉर्ट थिएटरमध्ये 'सनराइज ॲट कँपोबेलो' या नाटकात काम मिळालं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टना पोलिओ झाल्यानंतरच्या वर्षांवरचं नाटक. जोन्स होता घरातला नोकर. त्याने यायचं आणि सांगायचं, 'मिसेस रूझवेल्ट, जेवण वाढलंय.' आणि एका प्रयोगात तो 'मिसेस'च्या 'म'वर अडला. म-म-म, आणि पुढे काही येईना. ही गोष्ट तो स्वतः सांगायचा.

लक्षात घ्या, हा माणूस तोवर गावच्या थिएटरमध्ये शेक्सपिअरचा ऑथेल्लो करून आलेला. ऑथेल्लोची लांबलचक स्वगतं पेलणारा नट एका ओळीच्या नोकरात अडला. मला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे समज असा की अडखळणाऱ्या मुलाला छोटी भूमिका द्यावी, म्हणजे सोपं जाईल. अनुभव उलटा आहे. मोठ्या भूमिकेत नट पहिल्या दोन-चार वाक्यांत लय पकडतो आणि मग ती लय त्याला वाहून नेते. तीन वाक्यांच्या भूमिकेत तो विंगेत वीस मिनिटं उभा राहून त्या एका 'पा'ची वाट बघतो, थंड घशाने आत येतो, थांबलेल्या प्रसंगात पहिला आवाज त्याचाच लागतो, आणि वाक्य बिघडलं तर सावरायला पुढे वाक्यच नसतं. धावपट्टीच नाही आणि उड्डाण करायचंय. तुमच्या दिग्दर्शकाने चांगल्या हेतूने तुम्हाला नाटकातली सर्वांत अवघड जागा दिलीय.

तेव्हा भूमिका सोडू नका, पण दिग्दर्शकाशी बोला. एक तर मोठी भूमिका वाचून दाखवायची संधी मागा. ती मिळाली नाही तर याच भूमिकेत धावपट्टी तयार करा. हवालदार विंगेतूनच कुणाशी तरी बोलत येऊ शकतो: 'हो हो, थांबा, सांगतो साहेबांना.' म्हणजे आवाज आधीच सुरू झालेला असेल आणि 'साहेब' हा पहिला शब्द उरणार नाही.

वाक्यही जवळून बघू. 'साहेब, पाहुणे आलेत.' 'साहेब'च्या शेवटी 'ब', म्हणजे ओठ मिटले. मग स्वल्पविराम, आणि तुम्ही आदबीने थांबता ते मिटलेल्या ओठांनीच. पुढे 'पा', त्यालाही ओठ मिटूनच सुरुवात. म्हणजे दार आधीच बंद असताना तुम्ही ते पुन्हा बंद करून मग जोर लावताय. करायचं असं: 'साहेब'चा 'ब' झाला की ओठ सुटू द्या, थोडा श्वास बाहेर जाऊ द्या, हवं तर तिथेच सॅल्यूट ठोका, आणि श्वास बाहेर जात असतानाच 'पा'साठी ओठ एकमेकांना नुसते टेकवा. दाबायचे नाहीत. 'म'चं तंत्र वेगळं. 'म' नाकातून गुणगुणता येतो, त्यामुळे अडण्याऐवजी त्याला लांबवता येतं. ओठ मिटून हलका हुंकार सुरू करा आणि त्यातून शब्दात शिरा. हे आरशासमोर नाही, कपडे घडी घालताना वगैरे करा, हात कामात असताना.

शब्द बदलून 'मंडळी आलीत' करू का, असंही तुम्ही विचारलंय. नाटकात लेखकाची हरकत नसेल तर बदला, त्यात काही पाप नाही. पण 'म'वरही अडता, मग 'मंडळी'ने काय साधणार? आणि रोजच्या बोलण्यात ही पळवाट सवयीची झाली की टाळायच्या शब्दांची यादी वाढतच जाते. थेरपिस्टही हेच सांगतील.

आता कवितेच्या पायऱ्या. जोन्सला 'हायावाथा'ची चाल सापडली, तशी पक्क्या ठोक्याची चीज आपल्याकडे आयती आहे: मनाचे श्लोक. भुजंगप्रयात वृत्त, लघु-गुरू घड्याळासारखे. बहुतेकांना चार-दोन पाठही असतात. तिथून सुरू करा, हाताने ठेका धरून. मग ठेका सोडा. मग अभंग घ्या, त्यात ताल आहे पण सैल आहे. मग ओवी, ती आणखी सैल, गद्याला लागून. नंतर तोंडपाठ गद्य संवाद. नंतर तोच संवाद समोर माणूस बसवून, त्याने मधेच वेगळं उत्तर दिलं तरी चालेल अशा बेताने. सर्वांत शेवटी उत्स्फूर्त बोलणं. प्रत्येक पायरीवर ताल थोडा कमी होतो आणि ठरवण्याचं काम थोडं वाढतं. तुम्ही पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारलीत आणि पडलात, एवढंच झालंय. किती दिवस लागतील हे विचारू नका. कुणाला महिने, कुणी एका पायरीवर वर्षानुवर्षं राहतो आणि तिथे राहूनही उत्तम नट होतो.

कारण शेवटची पायरी गाठल्याशिवाय नट होता येत नाही असं नाही. जोन्सनेही आयुष्यभर घरं बांधली ती मधल्या पायऱ्यांवर, लिहिलेल्या संहितेच्या आधाराने. 1961 मध्ये सेंट मार्क्स प्लेहाउसमध्ये जाँ जेनेचं 'द ब्लॅक्स' सुरू झालं. बरोबर सिसिली टायसन, माया अँजेलो, लुई गॉसेट असे लोक. 1,400 च्या वर प्रयोग चाललेलं नाटक. त्याच वर्षांत जोसेफ पॅपच्या शेक्सपिअर महोत्सवात, सेंट्रल पार्कच्या उघड्या रंगमंचावर, जिथे वरून विमानं जातात आणि आवाज नुसता मोठा असून भागत नाही. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये तो मोरोक्कोचा राजपुत्र होता. चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक तिथे त्याच नाटकातल्या जॉर्ज सी. स्कॉट या नटाला बघायला आला आणि जाताना जोन्सलाही घेऊन गेला. 1964 च्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधला बॉम्बर विमानातला झॉग म्हणजे जोन्स, त्याचा पहिला चित्रपट. त्याच साली सेंट्रल पार्कमध्ये ऑथेल्लो (आपल्या देवलांचा 'झुंजारराव' ज्यावरून आला ते नाटक).

नाव झालं ते 'द ग्रेट व्हाइट होप'ने. कृष्णवर्णीय जगज्जेता मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याच्या आयुष्यावर बेतलेलं हॉवर्ड सॅक्लरचं नाटक. आधी 1967 मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर, मग 1968 मध्ये ब्रॉडवेवर. डोकं तुळतुळीत, शरीर कमावलेलं. 1969 चं टोनी (ब्रॉडवेचं सर्वांत मानाचं) पारितोषिक, 1970 च्या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन. त्यानंतर हॉलिवूडने त्याला त्या तोलाच्या मध्यवर्ती भूमिका फारशा दिल्या नाहीत. तो रंगभूमीवर परतत राहिला: 1973 मध्ये सेंट्रल पार्कमध्ये 'किंग लिअर', वयाच्या 42 व्या वर्षी.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की डबिंगचा तुमचा प्रश्न आता नीट दिसेल. 'स्टार वॉर्स'मधला मुखवटाधारी खलनायक डार्थ व्हेडर याचा आवाज त्याने दिला तो 1977 च्या चित्रपटाला. ब्रॉडवेवर पाय ठेवून वीस वर्षं झालेली होती. काम काही तासांचं, मानधन 7,000 डॉलर, आणि पहिल्या दोन चित्रपटांत नावही घालू नका म्हणाला. चिलखतात डेव्हिड प्राउज होता, आपण तर नुसता स्पेशल इफेक्ट, असं त्याचं म्हणणं. लोकांना त्या आवाजाची खोली आठवते. त्याने स्वतः मात्र वेगळं मर्म सांगितलं होतं: व्हेडरच्या बोलण्यात चढ-उतार फार अरुंद पट्ट्यात ठेवायचे, भावना जवळजवळ दाखवायचीच नाही. लिअर आणि 'द ग्रेट व्हाइट होप'मधला मुष्टियोद्धा जॅक जेफरसन पेललेल्या माणसाने आवरून धरलेला आवाज आहे तो. म्हणून त्यात धमकी आहे. नुसता खर्ज असलेल्याने तसं केलं तर तो स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट डबिंगवाले तुम्हाला सांगतील. व्हेडरला मुखवटा आहे, ओठ दिसत नाहीत. तुम्ही मुंबईत डबिंगला गेलात तर समोर पडद्यावर ओठ असतील, आणि ते उघडतील त्याच क्षणी तुमचा 'प' फुटला पाहिजे. अडखळणाऱ्या माणसासाठी ठरलेल्या क्षणी सुरू होण्याची सक्ती ही फार कठीण गोष्ट. पुन्हा घेता येतं, तुकड्यांत घेता येतं, हे खरं, पण घड्याळ चालू असतं आणि काचेपलीकडे माणसं थांबलेली असतात. त्यामानाने निवेदन आणि श्राव्यपुस्तकं तुम्हाला मानवतील. तिथे लय तुमची. डबिंग करूच नका असं नाही, पण रंगमंचापेक्षा सोपं म्हणून तिकडे जाऊ नका. शिवाय 2022 मध्ये जोन्सच्याच परवानगीने व्हेडरचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने तयार केला गेला. नुसता 'चांगला आवाज' ही पुंजी किती दिवस पुरेल याचा विचार तुमच्या पिढीने करायलाच हवा.

ऐकायचं असेल तर व्हेडर आणि 'लायन किंग'मधला मुफासा थोडे दिवस बाजूला ठेवा. ऑगस्ट विल्सनचं 'फेन्सेस' शोधा, 1987 च्या ब्रॉडवे प्रयोगातले तुकडे इंटरनेटवर आहेत. ट्रॉय मॅक्सन पिट्सबर्गमधला कचरागाडीवरचा कामगार, एकेकाळचा बेसबॉलपटू. मुलगा विचारतो, मी तुम्हाला कधी आवडलोच का नाही? ट्रॉय त्याच्यावर एकामागून एक प्रश्न फेकतो: रोज जेवतोस का, डोक्यावर छप्पर आहे का, अंगावर कपडे आहेत का. आणि मग समजावतो की हे मी आवडीने करत नाही, ते माझं कर्तव्य आहे. तिथे जोन्सचा आवाज कुठे चढतो यापेक्षा तो प्रश्नांच्या मधे किती थांबतो ते मोजा. त्या थांबण्यात मुलगा आकसत जातो. या भूमिकेसाठी त्याला दुसरं टोनी मिळालं. थांबणं ही गोष्ट लहानपणापासून तुमच्याइतकी जवळून फार थोड्या नटांना माहीत असते. ती लाजेतून येते तेव्हा अडखळणं, ठरवून येते तेव्हा अभिनय, आणि तालमीत पहिलीचं दुसरीत रूपांतर होताना मी पाहिलंय. सगळ्यांचं होत नाही.

पुढचं व्यवहाराचं. दिग्दर्शकाला आणि 'साहेब' करणाऱ्या नटाला स्पष्ट सांगून टाका: मी अडतो, अडलो तर वाक्य पूर्ण करून देऊ नका, भूमिकेतच राहून माझ्याकडे बघत थांबा. लपवायचा ताण गेला की निम्मं अडणं तिथेच कमी होतं, असं माझ्याकडच्या बहुतेकांच्या बाबतीत झालंय. ऑडिशनला न पाहिलेला उतारा हातात दिला तर दोन मिनिटं मागून घ्या आणि ती मिनिटं अर्थ लावण्यात न घालवता पहिलं वाक्य ओठात बसवण्यात घालवा. दोन मिनिटं देत नसतील तर पाठ केलेला स्वतःचा उतारा म्हणू का, असं विचारा. बरेच जण हो म्हणतात.

आणि ज्या कॉर्ट थिएटरमध्ये तो 'मिसेस'वर अडला होता, त्याला 2022 पासून जेम्स अर्ल जोन्स थिएटर म्हणतात. तुमचे दिग्दर्शक धावपट्टीची कल्पना मानत नसतील तर त्यांना ही 1958 ची गोष्ट ऐकवा. बहुतेक पटेल. प्रयोग कधी आहे ते कळवा, आणि 'साहेब'नंतरचा सॅल्यूट जमतोय का तेही.